चारशे टक्के पगारवाढ आणि 'येस मॅम' : डॅलसच्या चिअरलीडर्सची मालिका कोणी पाहिली का?

निशिगंधा_वाई

गेल्या आठवड्यात जिन्यात पाय मुरगळला आणि सक्तीची रजा पदरात पडली. कोचावर पाय उंच ठेवून पडल्या पडल्या नेटफ्लिक्सवरची 'अमेरिकाज् स्वीटहार्ट्स : डॅलस काउबॉइज चिअरलीडर्स' ही मालिका लावली. दोन सीझन, सात-सात भाग, चार दिवसांत फडशा. पहिला सीझन जून २०२४ चा, दुसरा जून २०२५ चा. दिग्दर्शक ग्रेग व्हाइटली, म्हणजे ज्यांनी २०२० मध्ये कॉलेजच्या चिअरलीडर्सवरची 'चिअर' ही मालिका केली होती तेच. नवरा म्हणाला, स्वतःला संडासापर्यंत लंगडत जावं लागतंय आणि बघतेस काय, तर हवेतून थेट स्प्लिटमध्ये पडणाऱ्या पोरी!

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे आपलं फुटबॉल नव्हे, अंड्यासारख्या चेंडूचं अमेरिकन फुटबॉल. टेक्ससमधला डॅलस काउबॉइज हा त्यातला सगळ्यात श्रीमंत संघ. फोर्ब्जने २०२४ मध्ये त्याची किंमत १०१० कोटी डॉलर धरली होती. मालक जेरी जोन्स यांनी १९८९ मध्ये घेतला तेव्हा १४ कोटींना घेतला होता. या संघाच्या ३६ चिअरलीडर्स. निळा गाठीचा ब्लाउज, चांदण्यांचं पांढरं जाकीट, पांढरी शॉर्ट्स, पांढरे बूट. दरवर्षी सगळ्यांची निवड नव्याने होते. चार वर्षं नाचलेली असलीस तरी पुन्हा रांगेत उभी राहा.

मी लावली ती चमचमाट बघायला. अडकले ते एका खोलीत. संचालिका केली फिनग्लास यांचं ऑफिस. केली आणि नृत्यदिग्दर्शिका जूडी ट्रॅमेल, दोघीही १९९१ पासून त्या पदांवर, आणि त्याआधी दोघीही याच संघात नाचलेल्या. उन्हाळाभर सराव शिबिर चालतं आणि रात्री सराव संपला की एखादीला 'जरा ऑफिसात ये' म्हणतात. बाकीच्या जणी बॅगा भरत असतात, पण कान तिकडे. ती पोरगी घामेजलेली, केसांची वळणं अजून शाबूत, खुर्चीच्या कडेवर बसते. केली अतिशय मऊ आवाजात सांगतात की तुझा प्रवास इथे संपला. जूडींचे डोळे भरून येतात. आणि ती पोरगी, जिचं लहानपणापासूनचं स्वप्न आत्ता मोडलं, ती काय म्हणते? 'थँक यू.' विचारलं काही तर 'येस मॅम.' मग गाडीत बसून दार लावलं की फुटते.

मला त्या दोघी दुष्ट वाटल्या नाहीत, हेच तर अवघड आहे. खलनायिका असती तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. त्यांनी स्वतः चार पैशांत नाच केला, तो आयुष्याचा मोठा मान मानला, आणि तोच मान त्या पुढच्या पोरींना वाटतात. पहिल्या सीझनमध्ये मालकांची कन्या शार्लट जोन्स सरळ म्हणते की यांना फार पैसे मिळत नाहीत हे खरं, पण त्या पैशासाठी इथे येतच नाहीत. मान मिळतो ना, मग पैसे कशाला. हे वाक्य मी आमच्या ऑफिसात वेगळ्या शब्दांत इतक्यांदा ऐकलंय की कोचावरून उठून बसले. (पाय दुखला.)

दुसऱ्या सीझनमध्ये याच पोरी पगाराचा विषय काढतात. आणि शेवटी चारशे टक्के वाढ होते. त्यावर बोलायला धागा काढलाय. कोणी पाहिलीय?

उसळपाव

मी पयला. पाहिली नाही, पण लेख आवडला. पाय कसा आहे?

कडीपत्ता

पाहिली, दोन्ही सीझन. पगारवाढीबद्दल एक किरकोळ दुरुस्ती, कारण सगळे वर्तमानपत्रवाले इथेच गंडतात. चारशे टक्के वाढ म्हणजे चौपट नव्हे, पाचपट. जेडा मॅक्लीन ही पाच हंगाम नाचलेली चिअरलीडर. तिने न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं की २०२४ मध्ये तिला तासाला १५ डॉलर आणि प्रत्येक कार्यक्रमाला ५०० डॉलर मिळायचे. २०२५ च्या वाढीनंतर अनुभवी मुलींना तासाला ७५ डॉलरच्या वर मिळू शकतील. पंधरा पंचे पंच्याहत्तर.

टक्केवारी मोठी दिसते ती मुळात आकडा लहान होता म्हणून. शून्यातून एक झाला असता तर अनंत टक्के वाढ झाली म्हणाले असते.

रोखठोक_सातारा

माफ करा, पण मला यात रडण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. कोणी बंदूक लावून नाचायला नेलं होतं का? पगार किती ते आधीपासून माहीत. शेकड्याने पोरी रांगेत उभ्या. बाजारात मागणीपेक्षा पुरवठा जास्त असला की भाव पडतो, कांद्याचा पडतो तसा. आमच्याकडे पोलीस भरतीला किती पोरं पळतात बघा.

निशिगंधा_वाई

@रोखठोक, कांदा बदलून दुसरा कांदा घेतला तर भाजीला फरक पडत नाही. या ३६ जणींची गोष्ट तशी नाही. पॉइंटवर, म्हणजे त्रिकोणाच्या टोकाला सगळ्यात पुढे, कोण उभी राहणार यावर केली आणि जूडी तास तास वाद घालतात. हिची मान कलते, हिचा हात अर्धा ठोका उशिरा येतो. एवढी पारख करून निवडता, तर ती मुलगी सहज बदलता येण्याजोगी नाहीच. मग पगाराच्या वेळेलाच 'बाहेर रांग लागलीय' कशी आठवते?

आणि पोलीस भरतीतल्या पोराला भरती झाल्यावर पगार मिळतो हो. या पोरी भरती झाल्यावरही दिवसा दुसरी नोकरी करतात. पहिल्या सीझनमधली केल्सी लहान मुलांची नर्स आहे. दिवसभर दवाखाना, मग गाडीतच आवरून संध्याकाळी सराव.

फिजिओ_मंदार

धाग्याचा विषय पगार आहे हे मान्य, पण मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे मला भलतंच दिसत होतं. बायकोने दोनदा दटावलं, 'गप बघ ना'.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: सामन्याआधी 'थंडरस्ट्रक' या गाण्यावर यांचा ठरलेला नाच असतो. त्याच्या शेवटी सगळ्या एका रांगेत, एकमेकींच्या खांद्यावर हात. किक अशी की बूट चेहऱ्याच्या उंचीला. मग उडी. हवेत असतानाच एक पाय पुढे, एक मागे, आणि तशाच खाली. दोन्ही मांड्या जमिनीला सपाट. चेहऱ्यावरचं हसू तसूभर हलत नाही.

आता जमिनीवर बसून हळूहळू स्प्लिट करणं वेगळं आणि वरून पडून करणं वेगळं. पुढच्या पायाचा हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, जिथे बसायच्या हाडाला चिकटतो तिथे एकदम ताण येतो. मागच्या पायाच्या खुब्याचा पुढचा भाग ताणला जातो. खुब्याच्या वाटीला कडेने एक रबरी वॉशरसारखी कडा असते, लॅब्रम म्हणतात. वारंवार असं आपटलं की ती फाटते. मालिकेत निवृत्त झालेल्या एका मुलीची खुब्याची शस्त्रक्रिया दाखवली आहे. वय विशीतलं. माझ्याकडे त्या तक्रारी घेऊन येणारे लोक चाळिशी-पन्नाशीचे असतात.

आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या त्याच बातमीप्रमाणे नव्या करारातही आरोग्य विमा नाही. पंच्याहत्तर डॉलर तासाला ठीक आहे, पण अमेरिकेत खुब्याच्या शस्त्रक्रियेचं बिल एकदा बघा आणि मग गुणाकार करा.

निशिगंधाताई, पायाला बर्फ लावताय ना? एक्सरे काढला का?

कडीपत्ता

लॅब्रमला रबरी वॉशर! दंडवत घ्या.

फ्रिस्कोकर

आम्ही अकरा वर्षं डॅलसजवळ फ्रिस्कोत आहोत. यांचं मुख्यालय, 'द स्टार', घरापासून दहा मिनिटांवर. सामने तिथे होत नाहीत, ते आर्लिंग्टनच्या एटी अँड टी स्टेडियममध्ये. फ्रिस्कोत सराव आणि ऑफिसं. मालिकेतले ते केलींच्या ऑफिसचे प्रसंग बघताना मला बाहेरचं पार्किंगच आठवत होतं.

गेल्या वर्षी आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना आर्लिंग्टनच्या स्टेडियमची सफर घडवली. खेळाडूंच्या लॉकर रूमबरोबर चिअरलीडर्सची लॉकर रूमही दाखवतात. प्रत्येकीच्या जागेवर नाव, फोटो. आई एकेक फोटो नीट बघत होती. मला वाटलं आता कपड्यांवरून काहीतरी बोलणार. ती म्हणाली, "सगळ्यांचे दात किती सारखे आहेत गं."

पण एक गोष्ट भारतात बसून लक्षात येणार नाही म्हणून लिहिते. ही मुलगी काउबॉइजच्या ऑडिशनला येते तेव्हा ती सुरुवात नसते, पंधरा-सोळा वर्षांची साखळी असते. टेक्ससमध्ये बऱ्याच हायस्कूलना ड्रिल टीम असते. याचं मूळ पूर्व टेक्ससमधल्या किलगोर कॉलेजच्या रेंजरेट्समध्ये. १९४० मध्ये गसी नेल डेव्हिस नावाच्या बाईंनी ती टीम उभी केली, फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात मैदानावर नाचणारी मुलींची पहिली अशी टीम. पांढरी हॅट, आखूड स्कर्ट, बूट, पाय हॅटच्या कडेला लागेल इतकी उंच किक आणि तो उडी मारून स्प्लिट. म्हणजे 'थंडरस्ट्रक'मधलं जे बघून आपण तोंडात बोट घालतो ते इथल्या पोरी चौदाव्या वर्षापासून करतात.

हे मला इतकं तपशिलात माहीत असायचं कारण, आमची थोरली गेल्या वर्षी शाळेच्या ड्रिल टीममध्ये गेली. भरतनाट्यम सात वर्षं केलं होतं, अरमंडीत बसायची सवय, त्यामुळे मांड्या मजबूत. पण स्प्लिटला तीन महिने लागले. रात्री जेवण झालं की हॉलमध्ये भिंतीला पाय टेकवून बसायची आणि फोनवर मैत्रिणीशी बोलायची, त्याच अवस्थेत. मी पोळ्या लाटता लाटता बघायची आणि मला माझ्याच खुब्यात कळ यायची.

शुक्रवारी रात्री सामना, पहाटे साडेसहाला सराव, लिपस्टिकची छटा ठरलेली, केसांचा अंबाडा ठरलेला. कपडे, बूट, शिबिरं सगळं आपल्या खिशातून. मला आधी राग यायचा. मग पहिल्या सामन्याला ती साठजणींच्या रांगेत उभी राहिली, ढोल वाजले, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी. काय सांगू. लेझीमच्या पथकात पहिल्यांदा उभी राहिले होते तेव्हा माझ्या आईचं असंच झालं होतं.

तर रोखठोक म्हणतात त्या 'स्वखुशी'ला एवढी मोठी मुळं असतात. सोळा वर्षं घरच्यांनी पैसे मोजून नाचलेल्या मुलीला पहिल्यांदा कोणी नाचायचे पैसे दिले तर ती 'किती?' असं विचारेल कशी?

निशिगंधा_वाई

फ्रिस्कोकर, शेवटचं वाक्य कुठेतरी लिहून ठेवते. मी लेखात जे म्हणायला धडपडत होते ते हेच.

वकील_नाशिकरोड

एक-दोन कायद्याच्या गोष्टी, कंटाळा आला तर खाली सरका.

हा पगाराचा झगडा डॅलसला सुरू झाला नाही. जानेवारी २०१४ मध्ये ओकलंड रेडर्स या दुसऱ्या संघाच्या एका चिअरलीडरने दावा ठोकला. तासाचा हिशोब केला तर किमान वेतनही पडत नाही, असं तिचं म्हणणं. तो साडेबारा लाख डॉलरवर मिटला. मग २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदाच केला की व्यावसायिक संघाच्या चिअरलीडर्स या कर्मचारी आहेत, हौशी मंडळी नाहीत. बफेलो जिल्सनी, म्हणजे बफेलो बिल्स संघाच्या चिअरलीडर्सनी, तर १९९५ मध्येच युनियन केली होती. त्यांनी २०१४ मध्ये दावा केल्यावर पथकच बंद पडलं. प्रत्येक संघातल्या पोरींच्या मनात ती भीती असणारच: बोललो तर दुकान बंद.

डॅलसवर २०१८ मध्ये दावा झाला. माजी चिअरलीडर एरिका विल्किन्सने तासाला आठ डॉलरचा हिशोब मांडला आणि संघाच्या 'राउडी' या शुभंकराला, म्हणजे फोमचं डोकं घालून नाचणाऱ्या माणसाला, वर्षाला ६५ हजार डॉलरच्या आसपास मिळतात असं दाव्यात लिहिलं. तेही आपसात मिटलं. त्यानंतर तासाचा दर बारा डॉलर झाला, सामन्याचे दोनशेचे चारशे झाले. म्हणजे २०२५ ची वाढ आकाशातून पडलेली नाही.

गंमत पुढे आहे. १९७९ मध्ये याच संस्थेने न्यूयॉर्कच्या एका चित्रपटगृहाविरुद्ध खटला जिंकला. तिथे एक अश्लील चित्रपट लागला होता आणि त्यातल्या बाईने यांच्यासारखा पोशाख घातला होता. कोर्टाने सांगितलं की हा पोशाख हा ट्रेडमार्क आहे. आमच्या पिढीने वकिलीच्या पुस्तकात वाचलेला निकाल आहे हा. आता विचार करा, त्या जाकिटाची किंमत १९७९ मध्ये कोर्टात सिद्ध झाली. आतल्या बाईची ठरायला २०२५ उजाडलं.

उसळपाव

फोमच्या डोक्याला ६५ हजार?? मी अर्ज कुठे करू.

रोखठोक_सातारा

वकीलसाहेब, ती शुभंकराची नोकरी वर्षभराची असेल, या हंगामी आहेत. तुलना चुकीची. पण बफेलोचं माहीत नव्हतं. पथक बंद करणं हे चूक, एवढं मान्य करतो.

घुंगरू

खूप दिवसांनी इथे लिहितोय.

माझं आजोळ नारायणगावजवळ. पाडव्याच्या सुमारास तिथे तमाशा फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. मामा दरवर्षी गावातर्फे जायचा, मीही दोन-तीनदा मागे लागून गेलो. तिथे मी पहिल्यांदा 'उचल' हा शब्द ऐकला. हंगामाआधी फडमालक कलावंताला आगाऊ रक्कम देतो, मग हंगामभर ती फिटेपर्यंत ती बाई त्या फडाची. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामालाही तिथेच.

डॅलसमध्ये उचल नाही हे उघड आहे. कुठे त्या पोरी आणि कुठे आमच्याकडच्या. त्यांना दुसरी नोकरी आहे, गाडी आहे, समाजात मान आहे, आई-बाप अभिमानाने टीशर्ट घालून स्टेडियममध्ये बसतात. आमच्या बाया स्टेजवरून उतरल्या की गाव तोंड फिरवतं. त्यामुळे 'लावणी आणि चिअरलीडिंग एकच' असं कोणी म्हणायला आलं तर मी आधीच हात जोडतो.

फक्त एक साम्य राहून राहून जाणवलं. विक्टोरिया नावाची ती मुलगी. तिची आईही याच संघात होती. तिचं सगळं लहानपण त्या निळ्या-पांढऱ्या पोशाखाकडे बघत गेलं. खाण्यापिण्याचे, मनाचे त्रास ती स्वतः कॅमेऱ्यासमोर बोलते. तिला संघाने दमडीची उचल दिली नव्हती, तरी ती कसलं तरी देणं फेडत असल्यासारखी नाचते. शेवटी पहिल्या सीझनच्या अखेरीला ती संघ सोडते तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवल्या. रात्रीचे दीड वाजले होते.

कडीपत्ता

घुंगरू, परत लिहिते व्हा राव.

अण्णा_जुन्नर

अवांतर: नारायणगावच्या राहुट्यांवर वेगळा धागा काढा. तिथल्या मिसळीवरही.

माऊली७१

मला एक प्राथमिक शंका आहे. 'चिअर'मध्ये पोरं एकमेकांना हवेत फेकत होती, मनोरे रचत होती. इथे तसं काही दिसलं नाही. दोन्हीला चिअरलीडिंगच म्हणतात का?

फ्रिस्कोकर

हो, नाव एकच, काम वेगळं. 'चिअर' होती नवारो कॉलेजवर, तेही इकडेच, कोर्सिकाना गावात. ती स्पर्धात्मक कसरत: मनोरे, फेकाफेकी, कोलांट्या. काउबॉइजच्या पोरी मुळात नर्तिका आहेत, जॅझ आणि किक. याचं श्रेय टेक्स श्रॅम आणि टेक्सी वॉटरमन यांना.

१९६० च्या दशकात काउबॉइजकडे हायस्कूलची मुलं-मुली घोषणा द्यायला उभी असायची. त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. संघाचे व्यवस्थापक श्रॅम यांनी १९७२ मध्ये ते बंद करून वयाने मोठ्या, प्रशिक्षित नर्तिका आणल्या आणि वॉटरमनबाईंनी नाच बसवले. इथे अशी आख्यायिका आहे की १९६७ मध्ये एका सामन्याला एक प्रसिद्ध नाचणारीण दोन हातांत 'बुढ्ढी के बाल' घेऊन पायऱ्या उतरली आणि अख्खं स्टेडियम खेळ सोडून तिच्याकडे बघायला लागलं, तेव्हा श्रॅमच्या डोक्यात दिवा पेटला. मग १९७५ मध्ये सोमवारच्या रात्रीच्या सामन्यात एकीने टीव्ही कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारला आणि देशभर नाव झालं.

आणि चिअरलीडिंगची सुरुवात पुरुषांनी केली हे सांगितलं तर आमच्या ऑफिसात कोणाला खरं वाटत नाही. १८९८, मिनेसोटा विद्यापीठ, जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी. पुरुषांचं काम होतं तोवर ते पुढारपणाचं समजायचे.

सह्याद्री_बोरिवली

मला २००८ चं आयपीएल आठवलं. पहिल्याच वर्षी बंगळुरूच्या संघाने अमेरिकेतून वॉशिंग्टन रेडस्किन्सच्या चिअरलीडर्स आणल्या होत्या. आपल्या राज्यात केवढा गदारोळ झाला होता, संस्कृती बुडाली म्हणून. नेरुळच्या स्टेडियममध्ये मी एक सामना पाहिला. त्या पोरी भर उकाड्यात चौकार गेला की नाचत होत्या, आणि मागच्या रांगांतून जे काही ओरडलं जात होतं ते इथे लिहिता येणार नाही. मी तेव्हा हसलो होतो. खोटं कशाला बोलू.

पहिल्या सीझनमध्ये एक प्रसंग आहे, सामन्याच्या वेळी एक छायाचित्रकार एका मुलीला नको तिथे हात लावतो असं ती सांगते. ती पोलिसांत तक्रार करते, संघ पाठीशी उभा राहतो, पण पुढे पुराव्याअभावी गुन्हा दाखल होत नाही. दुसरीच्या गाडीत कोणीतरी पाळत ठेवायला ट्रॅकर लपवलेला सापडतो. ते बघताना मला नेरुळच्या त्या मागच्या रांगा आठवल्या.

वकील_नाशिकरोड

सह्याद्री, लिहिलंत ते बरं केलंत.

त्याला जोडून: २०१५ मध्ये संघाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यावर चार चिअरलीडर्सनी आरोप केला होता की कपडे बदलताना तो त्यांचं चोरून चित्रण करत होता. त्याने तो नाकारला. संघाने २४ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं आणि ईएसपीएनने २०२२ मध्ये उघड करेपर्यंत बाहेर कोणाला पत्ता नव्हता. मालिका संघाच्या परवानगीने आणि संघाच्या आवारात चित्रित झालेली आहे, एवढं बघताना ध्यानात असू द्या.

कडीपत्ता

हाच माझाही आक्षेप. कॅमेरा मालकाच्या दारातून आत गेलाय. पण व्हाइटली यांचं एक मानायला हवं, ते कोणाला भाषण करू देत नाहीत, नुसतं बघत राहतात. दुसऱ्या सीझनमध्ये करारावर सही करायची की नाही याच्या चर्चा चालू आहेत, आणि काहीजणी मनात 'मी बोलले तर पुढच्या वर्षी माझी निवड होईल का' हा हिशोब करतायत, तो तोंडावर दिसतो. दरवर्षी नव्याने निवड ही परंपरा म्हणून सांगतात. माझ्या मते ती युनियन होऊ न देणारी सगळ्यात साधी यंत्रणा आहे.

निशिगंधा_वाई

नेमकं! आणि तरी त्या बोलल्या.

मी जरा जुनं शोधलं तर कळलं की यांनी बंड पहिल्यांदा केलं नाहीये. १९८९ मध्ये जोन्सनी संघ घेतल्या घेतल्या चौदाजणींनी राजीनामे फेकले होते. कारण काय? नवे मालक पोशाख अजून तोकडा करणार, खेळाडूंबरोबर मिसळायची बंदी उठवणार, अशी कुणकुण लागली. पुढे समेट झाला. पण बघा, तेव्हा त्या अब्रूसाठी एकत्र उभ्या राहिल्या. पैशासाठी उभं राहायला एवढी वर्षं गेली. पैसे मागितले की अब्रू जाते असं बायकांना कोण शिकवतं कोण जाणे. मला तर आईनेच शिकवलं. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला निघाले तेव्हा म्हणाली होती, पगाराचं आपण होऊन विचारू नकोस, बरं दिसत नाही.

फ्रिस्कोकर

माझ्याही.

माऊली७१

माझ्या बाबांनी. मी पुरुष आहे.

रोखठोक_सातारा

काल रात्री या धाग्यापायी पहिले दोन भाग पाहिले. मत बदललं असं समजू नका. बाजार तो बाजार. पण ती मुलगी रात्री 'थँक यू' म्हणून निघाली आणि गाडीत जाऊन आईला फोन लावला, तिथे बायकोने रिमोट हिसकावून घेतला आणि म्हणाली, तुमच्या मुलीला तुम्ही असं कोणासमोर उभं करणार का? मी म्हटलं, आपली मुलगी बँकेत आहे. तर म्हणते, तिला विचारा बढतीच्या वेळी साहेबाला काय म्हणाली. विचारलं. 'थँक यू सर' म्हणाली होती. बढती मिळाली नव्हती.

तिसरा भाग आज.

कडीपत्ता

रोखठोक, दुसऱ्या सीझनमध्ये अरमानी नावाची मुलगी आहे. केस गळण्याचा आजार, पाच वर्षं विग घालून नाचली. शेवटच्या घरच्या सामन्याला विग काढून मैदानात उतरते. तो भाग बायकोबरोबर बघा आणि रिमोट आधीच तिच्या हातात द्या.

निशिगंधा_वाई

सगळ्यांचे आभार. एक कबुलीजबाब द्यायचाय. काल दुपारी घरात कोणी नव्हतं. पाय बरा वाटत होता. ओट्याला धरून, चांगल्या पायावर उभी राहून, दुसरा किती वर जातो ते फक्त बघत होते. 'थंडरस्ट्रक' फोनवर लावलं होतं. पाय कमरेपर्यंत गेला, मग ओट्यावरचा चहाचा डबा गेला, मग मी गेले.

फिजिओ_मंदार

ताई! मुरगळलेला पाय उचलला होतात की त्याच्यावर पडलात?

निशिगंधा_वाई

उचलला मुरगळलेला होता. पडले चांगल्यावर.

फिजिओ_मंदार

म्हणजे आता दोन्ही. बर्फ वीस मिनिटं, दिवसातून तीनदा, कापडात गुंडाळून. घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या मागे दाबून दुखतं का ते सांगा. चार पावलं टाकता येत नसतील तर आजच एक्सरे. आणि फोन नवऱ्याकडे द्या.

उसळपाव

चहाचा डबा वाचला का?